लॅबमध्ये 'लेटेस्ट' टाकायच्या आधी एवढं वाचा: कॉम्प्युटर लॅब सांभाळणाऱ्या सगळ्यांना खुलं पत्र

तालुक्याच्या गावांतल्या शाळा आणि ज्युनिअर कॉलेजांत कॉम्प्युटर लॅब सांभाळणारे सर, मॅडम, लॅब असिस्टंट दादा-ताई, आणि खरेदीच्या कागदावर सही करणारे प्राचार्य आणि संस्थेचे पदाधिकारी, सगळ्यांना नमस्कार.

मी तुमच्यातलाच आहे. एका ज्युनिअर कॉलेजात लॅब असिस्टंट म्हणून चौदा वर्षं झाली. १८ पीसी, एक प्रिंटर, एक इन्व्हर्टर, आणि अकरावी-बारावीची पोरं. पत्र लिहायचं कारण असं की १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि तेव्हापासून मला आजूबाजूच्या लॅबवाल्यांचे फोन सुरू झालेत. विंडोज ११ ला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची चिप) लागतं, इंटेलचा प्रोसेसर आठव्या जनरेशनचा किंवा त्यापुढचा लागतो, आपल्याकडे बहुतेक ठिकाणी चौथ्या-सहाव्या जनरेशनची मशीनं आहेत, ती धडधाकट चालतात, नवीन घ्यायला पैसे नाहीत, म्हणून लोक लिनक्सकडे, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या फुकट ऑपरेटिंग सिस्टिमकडे, वळतायत. याचा मला मनापासून आनंद आहे. पण फोनवर पहिला प्रश्न प्रत्येकाचा एकच, "लेटेस्ट कुठलं आहे ते सांगा, तेच टाकतो." वरून सांगणारे पण तेच सांगतात, टाकायचंच आहे तर लेटेस्ट टाका. आणि गावात एखादा इंजिनिअरिंगचा हुशार पोरगा मदतीला येतो तो पण स्वतःच्या लॅपटॉपवर जे चालवतो तेच लॅबभर टाकून देतो, रोलिंगवालं, ज्यात रोज नवीन काहीतरी येत असतं.

तर माझी विनंती आहे की लॅबच्या मशीनवर स्टेबल टाका. डेबियन स्टेबल टाका नाहीतर उबुंटूचं एलटीएस (बरीच वर्षं सपोर्ट मिळणारी आवृत्ती) टाका, दोन्ही लिनक्सचीच रूपं, जे जमेल ते. का ते सविस्तर सांगतो कारण नुसतं सांगून कुणी ऐकत नाही, मी पण ऐकलं नव्हतं.

मी रोलिंग टाकलं होतं. १८ च्या १८ मशीनवर. कोरोनाच्या आधीची गोष्ट, तेव्हा मला वाटायचं की पोरांना सगळ्यात नवीन मिळालं पाहिजे, शहरातल्या पोरांपेक्षा ती मागे का राहावीत, आणि वर्षभर खरंच छान चाललं कारण मी दर शनिवारी बसून अपडेट करायचो आणि काही अडलं तर तिथल्या तिथं सोडवायचो. मग लॉकडाऊन लागला, लॅबला कुलूप. कॉलेज पुन्हा भरायला लागलं तेव्हा मशीनं कित्येक महिने बंद होती. चालू केली, अपडेट दिला, तर पहिल्यांदा पॅकेजवरच्या, म्हणजे सॉफ्टवेअरच्या गठ्ठ्यांवरच्या, डिजिटल सह्याच जुळेनात, कारण मधल्या काळात सह्या करणाऱ्यांच्या चाव्या बदललेल्या आणि माझ्या मशीनकडे जुन्याच. ते दोन दिवस खपून सोडवलं. मग अपडेट झाला आणि इतक्या महिन्यांचे सगळे बदल एका झटक्यात आत आले, त्यात पीएचपी (वेबसाईटचे प्रोग्राम लिहायची भाषा) ७ जाऊन पीएचपी ८ आलं.

बारावीच्या आयटीला पीएचपी आहे हे तुम्हाला माहितीच आहे. आमच्या मॅडमच्या नोट्स जुन्या, त्यात फॉर्ममधून आलेली व्हॅल्यू घेताना चौकटी कंसातल्या नावाला काही ठिकाणी कोट्स दिलेले नव्हते. पीएचपी ७ असं दिसलं की नुसती वॉर्निंग द्यायचं आणि पुढं जायचं, वॉर्निंग दाखवणं आम्ही बंद ठेवलेलं त्यामुळे कुणाला कधी कळलंच नाही. पीएचपी ८ मध्ये ती थेट एरर आहे, प्रोग्राम तिथंच थांबतो. प्रॅक्टिकल तीन आठवड्यांवर, आणि पोरांनी पाठ केलेले प्रोग्राम एकामागून एक बंद पडायला लागले. पोरं म्हणतात सर आम्ही तर वहीतलं जसंच्या तसं लिहिलंय. मॅडम माझ्याकडे बघतात. मी रात्री लॅबमध्ये बसून एकेक मशीन पुसून परत भरलं, तीन रात्री गेल्या, घरचे काळजीत. प्रॅक्टिकल पार पडली पण एक मुलगी त्या धांदलीत इतकी घाबरली होती की परीक्षेच्या दिवशी येत असलेला प्रोग्राम तिला लिहिता आला नाही, ते मी विसरलेलो नाही.

आता यात चूक कुणाची होती? पीएचपी ८ ची नाही, त्यांनी ढिलाई बंद केली ते बरोबरच केलं. रोलिंगवाल्यांची पण नाही, ते तर आधीच सांगतात की नवीन आलं की आम्ही देणार. चूक माझी होती, कारण परीक्षेच्या तोंडावर ज्या मशीनवर दुसऱ्याचं वर्ष अवलंबून आहे तिथं मी कधीही बदलू शकणारी वस्तू ठेवली होती.

हा स्टेबल शब्दच लोकांना फसवतो. लोकांना वाटतं स्टेबल म्हणजे कधी हँग न होणारं, क्रॅश न होणारं, आणि मग एखादा म्हणतो माझं रोलिंग तर दोन वर्षात एकदाही क्रॅश झालं नाही, म्हणजे ते पण स्टेबलच. डेबियनवाले ज्या अर्थानं स्टेबल म्हणतात तो अर्थ वेगळा आहे. जूनमध्ये जे पीएचपी होतं तेच फेब्रुवारीत असणार, मेनू जिथं होता तिथंच असणार, नोट्समधला स्क्रीनशॉट आणि समोरचा स्क्रीन सारखाच दिसणार. त्यात बग असतील, पण तेही तेच राहतील, आणि माहितीतल्या बगला वळसा घालता येतो हो, पोरांना सांगता येतं की इथं असं होतं तर असं करा.

डेबियन कसं चालतं ते थोडक्यात सांगतो कारण ते कळलं की पुढचं सगळं सोपं जातं. नवीन पॅकेज आलं की ते आधी अनस्टेबलमध्ये जातं, ज्याचं कायमचं नाव सिड. (डेबियनच्या आवृत्त्यांना खेळण्यांच्या एका ॲनिमेशन सिनेमातल्या पात्रांची नावं देतात, आणि सिड म्हणजे त्यातला शेजारचा, खेळणी मोडणारा पोरगा.) तिथं काही दिवस काढले, मोठा बग निघाला नाही, तर ते पॅकेज टेस्टिंगमध्ये उतरतं. साधारण दोन वर्षांनी टेस्टिंगला फ्रीज लागतो, म्हणजे नवीन काही घेणं टप्प्याटप्प्यानं बंद करतात आणि काही महिने फक्त बग काढत बसतात. ते झालं की त्याचंच स्टेबल होतं. डेबियन १२ बुकवर्म १० जून २०२३ ला आलं, डेबियन १३ ट्रिक्सी ९ ऑगस्ट २०२५ ला. ट्रिक्सीचा फ्रीज मार्च २०२५ मध्ये सुरू झाला होता, म्हणजे जवळजवळ पाच महिने नुसती साफसफाई. प्रत्येक आवृत्तीला तीन वर्षं पूर्ण सपोर्ट आणि वर दोन वर्षं एलटीएस, अशी पाच वर्षं मिळतात.

दोन वर्षं, हे आपल्याला किती सोयीचं आहे बघा. अकरावीला आलेली बॅच बारावी होऊन जाते तेवढ्यात पुढची आवृत्ती येते. मे महिन्याच्या सुट्टीत आवृत्ती बदलायची, जूनमध्ये नवीन अकरावीला नवीन मशीन. आणि नवीन आवृत्ती आल्या आल्या उडी मारायची पण गरज नाही, जुन्याला पुढं कितीतरी दिवस सपोर्ट असतोच.

उबुंटूच्या बाबतीत एक हिशोब नक्की करून बघा. उबुंटू दर एप्रिल आणि ऑक्टोबरला नवीन आवृत्ती काढतं, त्यातली सम वर्षाच्या एप्रिलमधली एलटीएस असते, तिला पाच वर्षं सपोर्ट. बाकीच्या मधल्या आवृत्त्यांना फक्त नऊ महिने. आपलं शैक्षणिक वर्ष जून ते मार्च-एप्रिल, दहा-अकरा महिन्यांचं. म्हणजे मधली आवृत्ती एकदा टाकली तर ती एक पूर्ण वर्षसुद्धा काढत नाही. दिवाळीच्या सुट्टीत उत्साहानं ऑक्टोबरवाली टाकली तर जुलैमध्ये तिचा सपोर्ट संपला, ऐन ॲडमिशनच्या गडबडीत. वेबसाईटवर मात्र ती नवी म्हणून दिसते आणि आपण तीच डाऊनलोड करतो. २४.०४ सारखं एलटीएस २०२९ पर्यंत चालतं.

केरळचं उदाहरण आपल्या लोकांनी आवर्जून बघावं. तिथं काईट ही सरकारी संस्था शाळांसाठी स्वतःची लिनक्स आवृत्ती बनवते, उबुंटूवर आधारलेली, मल्याळमसकट. त्यांनी १४.०४ घेतली, मग १८.०४, मग २२.०४, तिन्ही एलटीएस, मधलं एकही नाही. आणि २२.०४ वर आधारलेली त्यांची आवृत्ती शाळांसाठी आली २०२४ मध्ये. दोन वर्षं जुनी झालेली, तावून सुलाखून निघालेली वस्तू त्यांनी शाळेत नेली. आपल्या पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकचं बॉस लिनक्स आहे ते पण डेबियनवरच उभं आहे.

आता सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, जुनं म्हणजे असुरक्षित नाही का? आमच्याकडे पण एकदा मीटिंगमध्ये एका पदाधिकाऱ्यांनी व्हर्जन नंबर दाखवून विचारलं होतं की हे तर दोन वर्षं जुनं दिसतंय, यात व्हायरस शिरेल. शंका प्रामाणिक होती, म्हणून उत्तर नीट देतो. डेबियन स्टेबलमध्ये एखाद्या पॅकेजमध्ये सुरक्षेचं भोक सापडलं तर ते लोक नवीन व्हर्जन आणून बसवत नाहीत (काही अपवाद आहेत, फायरफॉक्स ब्राउझरची जास्त दिवस सपोर्टवाली ईएसआर आवृत्ती नवी येते), ते फक्त तेवढी दुरुस्ती उचलतात आणि जुन्या व्हर्जनमध्ये शिवतात. म्हणून नंबर जुनाच दिसतो पण शेवटी डेब१२यू१, डेब१२यू२ अशी शेपटी लागलेली असते. नवीन शर्ट न घेता फाटलेल्या जागी रफू करून घेतल्यासारखं आहे. आणि सिक्युरिटीचे अपडेट आपोआप घ्यायला अनअटेंडेड-अपग्रेड्स नावाचं पॅकेज आहे ते चालू ठेवा. नेट कमी असेल तर एका मशीनवर ॲप्ट-कॅशर-एनजी टाका, म्हणजे अपडेट एकदाच डाऊनलोड होतो आणि बाकी सगळे पीसी त्याच्याकडून घेतात, आमचा तर मोबाईलच्या हॉटस्पॉटवर महिनाभर निभाव लागला होता असा.

आणि नवीन म्हणजे सुरक्षित हा भ्रम ज्या घटनेनं माझ्या डोक्यातून कायमचा गेला ती २०२४ ची एक्सझेडची घटना. एक्सझेड म्हणजे फाईल दाबून लहान करणारं एक छोटं सॉफ्टवेअर, जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये असतं. जिया टॅन असं नाव लावलेल्या कुणीतरी दोन वर्षांहून जास्त काळ त्यात इमानदारीनं मदत केली, विश्वास कमावला, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये निघालेल्या ५.६.० आणि नंतरच्या ५.६.१ मध्ये चोरदरवाजा बसवून दिला, असा की एसएसएच (दुरून लॉगिन करायची सोय) चालू असलेल्या मशीनमध्ये बाहेरून घुसता यावं. हे व्हर्जन कुठं कुठं पोचलं होतं? डेबियनच्या सिड आणि टेस्टिंगमध्ये, फेडोराच्या रॉहाईडमध्ये, ओपनसुसेच्या टंबलवीडमध्ये, आर्चमध्ये. सगळी नव्याची आस असलेली. डेबियन स्टेबलमध्ये ते गेलंच नाही. उबुंटूनं २४.०४ ची बीटा (चाचणीची आवृत्ती) एक आठवडा पुढं ढकलली आणि त्या काळात बनलेली सगळी पॅकेज नव्यानं बनवली.

पण ही गोष्ट इथं थांबवली तर ती अर्धीच राहील, आणि मला वाटतं स्टेबलवाले लोक बऱ्याचदा इथंच थांबतात. तो चोरदरवाजा सापडला कसा? अँड्रेस फ्रॉइंड म्हणून पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणारे एक इंजिनिअर आहेत, ते डेबियन सिड वापरत होते. त्यांच्या लक्षात आलं की एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय. अर्धा सेकंद! दुसरा कुणी असता तर मशीन स्लो झालं म्हणून सोडून दिलं असतं, ते खणत गेले आणि २९ मार्च २०२४ ला त्यांनी सगळं उघड केलं. म्हणजे आपलं स्टेबल वाचलं कारण कुणीतरी सिडवर बसलेला होता आणि डोळे उघडे ठेवून बसलेला होता. हे सिडवाले, टेस्टिंगवाले लोक आपल्या आधी ठेच खातात म्हणून आपला रस्ता सपाट असतो. म्हणून मी लेटेस्ट वापरणाऱ्यांना कधी नावं ठेवत नाही आणि कुणी ठेवलेली मला आवडत पण नाहीत.

स्टेबलच्या खऱ्या अडचणी पण सांगतो. नवीन लॅपटॉप आला की वायफाय दिसत नाही, कारण कर्नल (हार्डवेअर चालवणारा सिस्टिमचा गाभा) त्या चिपच्या आधीचा. बुकवर्मचा कर्नल ६.१ आहे, २०२४ च्या मशीनवर तो बऱ्याचदा अडतो, ट्रिक्सीचा ६.१२ आहे. यासाठी सगळं सोडून रोलिंगवर जायची गरज नाही, डेबियनच्या बॅकपोर्ट्समधून (स्टेबलवर चालतील अशी बनवलेली नवीन पॅकेज) फक्त कर्नल नवीन घेता येतो. एखादं ॲप नवीनच पाहिजे असेल तर बाकी सिस्टिमला हात न लावता ते टाकायला फ्लॅटपॅक आहे. पायथनच्या पोरांना पिप (पायथनच्या लायब्ररी टाकायचं साधन) वापरताना एक्स्टर्नली मॅनेज्ड म्हणून एरर येते तेव्हा नेटवर बघून ते ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस असं काहीतरी टाइप करतात, ते करू देऊ नका, व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे त्या प्रोजेक्टपुरता वेगळा कप्पा, कसं बनवायचं ते शिकवा, पाच मिनिटांचं काम आहे. आणि कृपा करून स्टेबलमध्ये टेस्टिंग किंवा सिडची ओळ घालून एकच पॅकेज ओढायला जाऊ नका. एक ओढलं की त्याच्या मागं लायब्ररींची वरात येते आणि मशीन धड इकडचं राहत नाही धड तिकडचं. डेबियनच्या विकीवर अशा मशीनला फ्रँकनडेबियन म्हणतात.

३२-बिटवाली मशीनं असतील तर डेबियन १३ ला त्यांचा इन्स्टॉलरच नाही, त्यांना १२ वरच राहू द्या, २०२८ पर्यंत एलटीएस आहे. आणि १२ वरून १३ वर जाताना रिलीज नोट्स वाचा. उदाहरणार्थ १३ मध्ये टेंप फोल्डर डिस्कवर न राहता रॅममध्ये राहतो, ४ जीबीच्या मशीनवर कुणी तिथं मोठी फाईल टाकली तर जाणवणार. असल्या गोष्टी मे महिन्यात कळाव्यात, जानेवारीत नव्हे.

आता शेवटची गोष्ट, खरं तर या एका गोष्टीसाठीच पत्र लिहायला बसलो. १७ मशीन स्टेबल करा आणि एक मशीन सिडला द्या. आमच्याकडे खिडकीजवळचा १८ नंबर आहे. त्याच्यावर कागद चिकटवलाय, "हे मशीन बिघडू शकतं. आपलं काम इथं सेव्ह करू नये." ज्या पोरांना नवीन बघायची हौस आहे, आणि दरवर्षी चार-पाच असतातच, ती त्याच्यावर बसतात. ते मोडतं, पोरं ते दुरुस्त करतात, मी फक्त बाजूला उभा राहतो. पाठ्यपुस्तकातून जे येत नाही ते पोरं तिथं शिकतात.

यात आपला, म्हणजे मराठीचा स्वार्थ आहे. गेल्या वर्षी एका मुलीनं त्या मशीनवर मराठीत काहीतरी टाइप करताना मला हाक मारली, सर, इथं "दऱ्या" नीट दिसत नाही. बघितलं तर एका फॉन्टच्या नवीन व्हर्जनमध्ये ऱ्य तुटून येत होता. दर्या आणि दऱ्या, सूर्याची पूजा आणि आचाऱ्याचा स्वयंपाक, हा फरक मराठी माणसाला लगेच डोळ्यात खुपतो, हिंदीवाल्याला तो अर्धा र लागतच नाही मग त्याला दिसणार कुठून. तिनं स्क्रीनशॉट काढला, जुन्या व्हर्जनचा एक, नव्याचा एक, आणि बग रिपोर्ट लिहिला. इंग्रजीत लिहायला तिला चार दिवस लागले, तीन वेळा माझ्याकडून तपासून घेतला. उत्तर आलं, त्यांनी विचारलं की हे अक्षर कुठल्या शब्दात येतं, तिनं बारा शब्दांची यादी दिली. दुरुस्ती झाली.

हाच बग फ्रीज होऊन गेल्यावर लक्षात आला असता तर? स्टेबलमध्ये एकदा शिरलेली अशी बारीक गोष्ट सहसा पुढच्या आवृत्तीपर्यंत तशीच राहते, म्हणजे दोन वर्षं आपल्या सगळ्यांच्या लॅबमध्ये, १७ च्या १७ मशीनवर, पोरांनी तुटका ऱ्य बघितला असता आणि तेच बरोबर समजले असते. जर्मनीतला किंवा अमेरिकेतला माणूस आपला ऱ्य तपासायला बसणार नाही, आणि त्यानं का बसावं. डेबियन १४ ची तयारी चालू आहे, त्याचं नाव फोर्की. त्यात मराठी कीबोर्ड, मराठी फॉन्ट, मराठी सॉर्टिंग नीट चालतंय का हे फ्रीजच्या आधी बघणारं एक तरी मशीन प्रत्येक तालुक्यात असावं असं मला फार वाटतं.

प्राचार्य साहेब, तुम्हाला एवढंच मागणं की त्या एका मशीनला "बंद पडलेला पीसी" म्हणून डेड स्टॉकच्या रजिस्टरला टाकू नका, आणि मे महिन्यातले आठ दिवस लॅबला मोकळे द्या, इलेक्शन ड्युटी नाहीतर ॲडमिशनचे फॉर्म भरायला तेच पीसी आणि तोच माणूस ओढू नका. संस्थेच्या लोकांनी लेटेस्टचा आग्रह धरण्याऐवजी सपोर्ट कुठल्या तारखेपर्यंत आहे ते विचारावं, आणि ती तारीख लॅबच्या दारावर लावायला सांगावी. आमच्या दारावर लावलीय.

लॅबवाल्यांनो, कुणाला पेनड्राईव्हवर ट्रिक्सी पाहिजे असेल, इनस्क्रिप्ट कीबोर्ड आणि फॉन्ट कसे लावायचे ते बघायचं असेल, तर रविवारी मी मोकळा असतो, शेजारच्या दोन-तीन तालुक्यांपर्यंत एसटीनं येऊन जाईन. फक्त त्या दिवशी लाईट असेल एवढं आधी बघून ठेवा.

आपला,
एक लॅब असिस्टंट